बंबांचं उत्तरायुष्य

बंबाचं वय किलोमीटरवर मोजता येत नाही. एसटीची गाडी १५ वर्षांत लाखो किलोमीटर धावते. अग्निशमन केंद्रातला बंब तेवढ्याच वर्षांत त्याच्या लहानशा हिश्श्याएवढाही रस्ता कापत नाही. केंद्रापासून आगीपर्यंत चार-पाच किलोमीटर आणि तेवढेच परत, एवढीच त्याची धाव. पण मीटर पाहून बंबाची पारख करणारा हमखास फसतो, कारण आगीच्या ठिकाणी चाकं थांबली की त्याचं खरं काम सुरू होतं. ‘पीटीओ’ नावाची यंत्रणा इंजिनाची ताकद चाकांकडून काढून पंपाकडे वळवते आणि गाडी एका जागी उभी राहून तासन्‌तास पाणी फेकत राहते. गोदामाची आग असेल तर रात्रभर, कचरा डेपोची असेल तर दिवसेंदिवस. त्या सगळ्या काळात मीटर एका आकड्यानेही पुढे सरकत नाही.

शिवाय बंब कधी रिकामा नसतो. मालाचा ट्रक माल उतरवून हलका होतो. बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी रात्रंदिवस भरलेलं असतं. म्हणजे साडेचार टन नुसतं पाणी, वर पंप, शिड्या, होज पाईप आणि माणसं. केंद्रात उभा असतानाही त्याचे पाटे आणि चॅसी हा भार वाहतच असतात. वर्दी आली की थंड इंजिन चालू करून लगेच पूर्ण ताकदीने पळायचं, इंजिन तापायला मिनिटभराचीही सवड नाही. सतत ओली राहणारी टाकी आतून गंजते. समुद्राचं किंवा खाडीचं पाणी ओढावं लागलं तर पंपाचं आयुष्य आणखी घटतं. पंपातली हवा काढून पाणी ओढून घेणारा प्रायमर थकला की पंपाला विहिरीतून पाणी उचलता येत नाही, आणि अशा बंबाचा रंग कितीही लाल चमकत असला तरी आगीपुढे त्याचा उपयोग टाकीतल्या पाण्यापुरताच.

म्हणून एकाच वर्षी घेतलेले, एकाच बनावटीचे दोन बंब १५ वर्षांनी सारखे राहत नाहीत. रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीशेजारी ज्याची उमेदीची वर्षं गेली तो झिजून गेलेला असतो. तालुक्याच्या गावी उसाचे फड आणि गवताच्या गंजी विझवत जो राहिला, त्याच्यात अजून पुष्कळ जीव असतो. हे पंप चालवणाऱ्या माणसाला आवाजावरून कळतं. कागदाला कळत नाही.

कागद आता फार स्पष्ट झाला आहे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०२३ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती जाहीर केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. केंद्र, राज्य, महापालिका, नगरपालिका, पंचायती, सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या कोणत्याही वाहनाची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांनी संपते. देशाच्या संरक्षणासाठी, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या खास वाहनांना त्यातून वगळलं आहे. त्या अपवादात अग्निशमन बंबाचं नाव नाही. आणि वयाची १५ वर्षं भरलेल्या वाहनाची विल्हेवाट कशी लावायची, तेही नियमाने ठरवून दिलं आहे: नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात. २०२१ च्या नियमांनुसार उभारलेल्या या केंद्रांत आधी तेल, बॅटरी, वायू असं घातक ते सगळं काढून घेतात, मग गाडी कापतात आणि तसा दाखला देतात.

अमेरिकेतही १५ हाच आकडा आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या, म्हणजे एनएफपीएच्या, मानकातला सल्ला असा की १५ वर्षं झालेला बंब पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावा आणि २५ वर्षांनी बदलावा. यामागे गाडीची झीज जशी आहे तशी जवानांची काळजीही आहे. जुन्या बंबांना बंद केबिन नव्हती, सीट बेल्ट नव्हते, जवान मागच्या फळीवर दांडा धरून उभे राहत. ब्रेक, दिवे, उलटण्यापासूनचं संरक्षण, सगळं दर काही वर्षांनी सुधारत गेलं. आगीकडे निघालेला बंब वाटेत बंद पडणं किंवा वळणावर उलटणं, याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. जुने बंब पहिल्या फळीतून काढायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला सलतं ते इतकंच, की पहिल्या फळीनंतर आपल्याकडे दुसरी फळी उरलेली नाही. कामावरून काढलेली गाडी थेट कापायला जाते.

पूर्वी वाट थोडी लांब होती. बंब वारंवार दुरुस्तीला येऊ लागला की कार्यशाळेकडून निर्लेखनाचा, म्हणजे गाडी वापरातून काढून टाकण्याचा, प्रस्ताव जायचा, तांत्रिक तपासणी व्हायची, किमान किंमत ठरायची आणि लिलाव व्हायचा. प्रस्तावाची फाईल फिरत असताना गाडी महिनोन्‌महिने कार्यशाळेच्या मागे उभी असे आणि तिचे सुटे भाग तिच्या भावंडांच्या कामी येत. लिलावात घेणारे बहुतेक भंगारवालेच. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड वेगळं करायचं, गॅस कटरने सांगाडा कापायचा आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स चांगला निघाला तर बाजारात विकायचा, हा त्यांचा व्यवसाय. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची जी दुकानं आहेत, त्यांच्या व्यापाराचा हाच पाया. टाकी धड असली तर ती पाण्याच्या टँकरवर चढायची. म्हणजे बंब मेला तरी त्याचे अवयव काही वर्षं जगत.

निवृत्त बंबांचं सगळ्यात विलक्षण आयुष्य मात्र ब्रिटनमध्ये घडलं. ती कथा नीट सांगायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात लंडन, कॉव्हेंट्री ही शहरं बॉम्बहल्ल्यांत जळताना ब्रिटिशांनी पाहिली होती. पुढचं युद्ध अणुबॉम्बचं असेल आणि शहरातले पाण्याचे नळ पहिल्याच तासात फुटतील, हे धरून सरकारने १९५० च्या दशकात राखीव अग्निशमन दलासाठी खास पंपगाड्या बांधून घेतल्या. १९५३ ते १९५६ या काळात बेडफर्डच्या सांगाड्यांवर त्या हजारोंनी तयार झाल्या. शहराबाहेरच्या नदीतून किंवा तळ्यातून पाणी उचलायचं, मैलोन्‌मैल होज पाईप अंथरायचे, मध्ये एकेक गाडी उभी करून दाब टिकवायचा आणि जळत्या शहरापर्यंत पाण्याची धार पोचवायची, हे त्यांचं काम. रंग लाल नव्हता, लष्करी हिरवा होता. लोकांनी त्यांना ‘ग्रीन गॉडेस’ म्हणायला सुरुवात केली.

ज्या युद्धासाठी त्या बांधल्या ते युद्ध झालंच नाही. १९६८ मध्ये राखीव दल बरखास्त झालं. दल गेलं, गाड्या मात्र राहिल्या. सरकारने त्या गोदामांत ठेवल्या, त्यांची निगा राखली, अधूनमधून पूर आणि पाणीटंचाईत पाणी उपसायला बाहेर काढल्या. मग १४ नोव्हेंबर १९७७ रोजी ब्रिटनभरचे अग्निशमन जवान पगारासाठी संपावर गेले. पुढचे दोन महिने या हिरव्या गाड्या सैनिकांच्या हातात देशभर फिरत होत्या. आग विझवण्याचं जुजबी शिक्षण घेतलेले तरुण सैनिक, वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या गाड्या आणि समोर घरांच्या आगी. त्या हिवाळ्यात देशाचा भार याच गाड्यांनी पेलला.

एवढ्यावरही त्यांचं काम संपलं नाही. २००२ मध्ये पुन्हा संप झाला. तेव्हा या गाड्या ५० वर्षांच्या आसपास पोचलेल्या होत्या. पॉवर स्टिअरिंग नाही, वेग बेताचा, आत धुरात शिरायच्या आधुनिक साधनांना जागा नाही. लष्कराने आठशेहून अधिक ग्रीन गॉडेस पुन्हा रस्त्यावर आणल्या. अद्ययावत लाल बंब केंद्रांत उभे आणि रस्त्यावर अर्धशतक जुने हिरवे पंप, यावरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. तो वाद योग्यच होता. सैनिकांना आणि नागरिकांना अशा गाड्यांच्या भरवशावर सोडणं हे कोणत्याही सरकारला शोभणारं नाही. पण त्याच घटनेचा दुसरा अर्थही मला दिसतो. कुणीतरी पन्नास वर्षं या गाड्यांचं तेल बदललं होतं, टायर तपासले होते, पंप फिरवून पाहिले होते. गोदामातल्या त्या निनावी मेकॅनिकांनी युद्ध होणार नाही हे कळून चुकल्यावरही काम टाळलं नाही. म्हणून दोन वेळा, पंचवीस वर्षांच्या अंतराने, बटण दाबल्यावर इंजिनं सुरू झाली.

२००४-०५ मध्ये सरकारने हा साठा मोडायचं ठरवलं. काही गाड्या आफ्रिकेतल्या देशांकडे गेल्या, बाकीच्या विकल्या गेल्या. आज ब्रिटनमधल्या जुन्या वाहनांच्या मेळाव्यांत ग्रीन गॉडेस हमखास दिसते. हौशी लोकांनी त्या घरी नेल्या, रंगवल्या, त्यांचे पंप पुन्हा चालू केले.

जर्मनीचा रिवाज साधा आहे. तिथे गावोगाव स्वयंसेवकांची अग्निशमन पथकं आहेत, त्यामुळे लहान गावातही बंब असतो आणि तो फार कमी धावलेला असतो. निवृत्त झाला की सरकारी लिलावाच्या संकेतस्थळावर येतो. मॅगिरस-डॉइट्‌झ किंवा मर्सिडीजच्या जुन्या बंबांना तिथे चांगली मागणी असते. दणकट सांगाडा, चारही चाकांना ताकद आणि घरात जपलेलं इंजिन पाहून लोक ते घेतात आणि आत पलंग-स्वयंपाकघर बसवून त्यातून वाळवंटं पालथी घालतात.

निवृत्त बंब दुसऱ्या देशाला देणं ही सगळ्यात उदात्त वाटणारी वाट. चिलीतली अग्निशमन दलं जवळजवळ संपूर्णपणे स्वयंसेवकांची आहेत. वाल्पाराइसोत १८५१ पासून ही परंपरा चालत आली आहे. अशा दलांनी युरोप-अमेरिकेतले वापरलेले बंब वर्षानुवर्षं घेतले. फिलिपिन्समधली चिनी वंशाच्या नागरिकांची स्वयंसेवी पथकंही जपान-अमेरिकेतल्या जुन्या बंबांवर उभी राहिली. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर ब्रिटनमधल्या ‘फायर एड’ या संस्थेने तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या परिषदेबरोबर मार्चपासूनच निवृत्त बंबांचे ताफे पाठवायला सुरुवात केली. ब्रिटिश जवानांनी स्वतः गाड्या चालवत पोलंडपर्यंत नेल्या आणि तिथून त्या युक्रेनमध्ये गेल्या. अशा शंभराहून अधिक गाड्या गेल्या आहेत. इंग्लंडच्या एखाद्या परगण्यात ज्या गाडीचं नाव निर्लेखनाच्या यादीत होतं, ती युद्धात उद्ध्वस्त होणाऱ्या शहरांत पुन्हा पहिल्या फळीत उभी राहिली.

पण नुसती गाडी देऊन भागत नाही. एक लहानशी वस्तू सगळं अडवू शकते: होज पाईपचं कपलिंग. आपल्याकडे भारतीय मानकानुसार ब्रिटिश पद्धतीचं, नर-मादी जोडाचं आणि खटक्याने बसणारं ६३ मिलिमीटरचं कपलिंग चालतं. जर्मनीत स्टॉर्झ, अमेरिकेत आट्यांचं. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब मदतीला धावून आले. त्यांतल्या अनेकांचे होज बाल्टिमोरच्या हायड्रंटना बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे. दीडशे नव्हे, दीड हजारांहून अधिक इमारती त्या आगीत गेल्या. त्या आगीनंतर अमेरिकेत कपलिंगचं राष्ट्रीय मानक ठरवण्याला जोर आला. म्हणून जबाबदारीने दिलेल्या बंबाबरोबर होज, जोडण्या, सुटे भाग आणि शिकवणारा माणूसही द्यावा लागतो. सुटे भाग मिळणंही गृहीत धरता येत नाही: अमेरिकन लाफ्रान्स ही अमेरिकेतली नामवंत बंब बनवणारी कंपनी जानेवारी २०१४ मध्ये अचानक बंद पडली आणि तिच्या गाड्या वापरणारी दलं सुट्या भागांसाठी अडचणीत आली. जुन्या फोमच्या टाक्यांचा प्रश्न तर नव्याने समोर आला आहे. तेलाच्या आगींसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फोममधली ‘पीफास’ गटाची रसायनं टाकीत, पाइपांत चिकटून राहतात, जमिनीत गेली तर नष्ट होत नाहीत. असा बंब न धुता देणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत विष ओतणं.

आता जतनाकडे येते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात ‘हॉल ऑफ फ्लेम’ नावाचं संग्रहालय आहे. अठराव्या शतकातल्या हातपंपांपासूनच्या शेकडो वस्तू आणि शंभरावर गाड्या तिथे आहेत. त्याची सुरुवात एका हट्टातून झाली. जॉर्ज गेट्‌झ या उद्योजकाला जुना बंब हवा होता आणि त्यांच्या पत्नीने १९५५ च्या नाताळात त्यांना १९२४ चा अमेरिकन लाफ्रान्स बंब भेट दिला. एका गाडीतून संग्रह वाढला, विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेलं संग्रहालय १९७४ मध्ये फिनिक्सला आलं.

न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारक संग्रहालयात ठेवलेला ‘लॅडर ३’ हा शिडीचा बंब अशा हौसेतून तिथे गेलेला नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी या गाडीबरोबर गेलेले जवान उत्तरेच्या टॉवरमध्ये शिरले आणि परत आले नाहीत. टॉवर कोसळले तेव्हा रस्त्यावर उभी असलेली गाडी चेपली गेली. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या दलाचे ३४३ जण गेले. ती गाडी कुणी दुरुस्त केली नाही, रंगवली नाही. अनेक वर्षं विमानतळाच्या एका हँगरमध्ये जपून ठेवली आणि २०११ मध्ये क्रेनने संग्रहालयाच्या तळघरात उतरवली. तिचा पुढचा भाग नाहीसा झालेला आहे, आणि तो तसाच ठेवणं हेच योग्य होतं.

हे वाचताना मुंबईची आठवण येते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या स्फोटकांनी आणि कापसाच्या गाठींनी भरलेल्या जहाजाला आग लागली. मुंबई अग्निशमन दलाचे बंब धावले, जवान जहाजावर चढून पाणी मारत होते आणि दुपारी चारनंतर जहाजाचा स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्यासाठी. त्यांच्याबरोबर गोदीत गेलेल्या गाड्यांतली एखादी वेडीवाकडी झालेली चॅसी, एखादा पितळी पंप आज आपल्यासमोर असता तर त्या दुपारची ओळख मुलांना वेगळी करून द्यावी लागली नसती.

जपणूक आपल्याला जमत नाही असं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ चा एक बंब आहे, जॉन मॉरिस अँड सन्स या इंग्लिश कंपनीने बांधलेला. तो निजामाच्या रेल्वेचा. म्हणजे मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा मराठवाडा ज्या रेल्वेने जोडला, तिचाच. शंभरी ओलांडलेला हा बंब दिल्लीतल्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या जुन्या मोटारींच्या फेरीत स्वतःच्या चाकांवर धावलेला आहे. रेल्वेच्या कार्यशाळांत पिढ्यान्‌पिढ्या जुनं लोखंड जिवंत ठेवण्याची जी विद्या होती, तिच्यामुळेच हे शक्य झालं असावं असं मला वाटतं.

आजच्या नियमांत मात्र असा बंब जगायची वाटच अरुंद झाली आहे. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले: ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी दुचाकी-चारचाकी वाहनं, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. चांगला नियम आहे. पण सरकारी बंबाची नोंदणी १५ व्या वर्षी संपणार आणि जुनेपणाचा मान ५० व्या वर्षी मिळणार, तोही खासगी गाड्यांना. मधली ३५ वर्षं त्याला कोण सांभाळणार? जो बंब सोळाव्या वर्षी कापला गेला, त्याला पन्नासावं वर्ष लागणारच नाही. आणि जे काही वाचतं ते एखाद्या अधिकाऱ्याच्या मायेवर वाचतं. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला की माया संपते आणि जागेची अडचण सुरू होते.

हा प्रश्न आजच का बोलायचा, त्यालाही कारण आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण करण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५ हजार कोटी रुपयांची योजना आणली. नवे बंब येत आहेत, येणार आहेत आणि ते यायलाच हवेत. पण प्रत्येक नव्या गाडीमागे एक जुनी गाडी बाहेर पडणार. टाटा आणि अशोक लेलँडच्या सांगाड्यांवर स्थानिक कारागिरांनी पत्रा ठोकून, लाकडी कप्पे बसवून बांधलेल्या बंबांची एक अख्खी पिढी पुढच्या काही वर्षांत संपेल. ती कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाही, कारण प्रत्येक गाडीची बांधणी थोडी वेगळी होती.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक महापालिकेने प्रत्येक पिढीतला एक बंब निवडून स्वतःच्या आवारात ठेवावा. तो रस्त्यावर न्यायचा नाही, त्यामुळे त्याच्या नोंदणीचा प्रश्नही तितकासा अडू नये. त्याचा पंप चालता ठेवला तर नव्या भरतीला त्यावर हात बसवता येईल. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशभरातले अधिकारी तिथे शिकायला येतात. महाराष्ट्रातल्या जुन्या बंबांचा एक संच तिथे उभा राहिला तर त्याहून योग्य जागा नाही. आणि ज्यांच्या पंपात अजून जीव आहे अशा बंबांसाठी, निदान राखीव म्हणून, नियमाच्या अपवादात एक ओळ वाढवावी. तांत्रिक तपासणीत उतरलेल्या गाडीला आणखी काही वर्षं लहान गावात उभं राहू द्यावं. ज्या गावाला जवळच्या शहरातून बंब यायला तास लागतो, तिथे जुना पण चालता बंब दहा मिनिटांत पोचतो.

हे होईपर्यंत एक गोष्ट तर आजपासून करता येईल. निर्लेखनाच्या फाईलवर सही होण्याआधी त्या बंबाची लॉगबुकं वेगळी काढून ठेवावीत. कुठली वर्दी, किती वाजता निघाला, किती तास पंप चालला, गाडीवर कोण होतं, हे सगळं त्यांत हाताने लिहिलेलं असतं. गाडी भंगार केंद्रात गेली तरी ती वही कापायला द्यायचं काही कारण नाही.